चांदीपला तलाव नाही

चांदीपला तलाव नाही. प्रवासवर्णनाची सुरुवात घरातून निघण्यापासून करायची असते, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याच्या कॅलेंडरमधलं सप्टेंबरचं पान पाहून शेजारच्या संकुलातली मंडळी अजून रिक्षावाल्याला 'सरोवरावर घे' असं सांगतात, असं परवा कानावर आलं. म्हणून आधी एवढं लिहून मोकळा होतो. जे अजून गेले नाहीत त्यांनी चांदीपला जरूर जावं. भातशेती आहे, डोंगर आहेत, माणसं अगत्यशील आहेत. पोहण्याचे कपडे मात्र नेऊ नयेत.

या सरोवराला मी जबाबदार आहे. त्याची हकिकत आम्ही राहतो त्या चंदनसारमध्ये इतक्या तऱ्हांनी फिरते आहे, की एका तऱ्हेत तर मी बुडता बुडता वाचलो आहे. खरी हकिकत अशी.

गेल्या वर्षी कट्ट्यावर ठरलं, की नव्या वर्षाचं कॅलेंडर आपण आपलंच काढायचं आणि त्यावर देवांची चित्रं न घालता आपल्या तालुक्याची दृश्यं घालायची. आमचे सेक्रेटरी कर्णिक यांनी विचारलं, फोटोग्राफी कोणाला येते? माझा हात वर गेला. मी साताऱ्याकडचा, विमा कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. कुठे हात वर करायची मला सवय नाही. मोबाइलवर फोटो काढला तर त्यात माझंच बोट येतं. पण हात वर गेला खरा, आणि शेजारी बसलेल्या नाना सावंतांनी पाठीवर थाप मारून सांगितलं की आप्पाचा हात म्हणजे काम झालंच. नाना आमच्याच मजल्यावर राहतात. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांची थाप पाठीवर पडली की माणसाला माघार घेता येत नाही.

नायगाव

कॅमेरा जुना घ्यायचा हे हिने, म्हणजे प्रमिलाने, ठरवलं होतं. तिने जी रक्कम कबूल केली होती तिच्यात नवीन कॅमेऱ्याची पिशवी आली असती. मोबाइलवर जाहिरात पाहून आम्ही नायगावला गेलो. स्टेशनबाहेर पडलं की एकीकडे खाडी आणि दुसरीकडे आकाशात घुसलेल्या इमारती. जाहिरातवाला तरुण अशाच एका इमारतीत बराच वर राहत होता. त्याच्या हॉलमध्ये एक गिटार, एक गिअरची सायकल, एक चालण्याचं यंत्र आणि मातीची भांडी करायचं चाक होतं. सगळं नव्यासारखं. यंत्रावर टॉवेल वाळत होता. त्याची बायको म्हणाली, जे आवडेल ते घेऊन जा, फक्त परत आणू नका.

तरुण मात्र मनापासून शिकवणारा निघाला. "काका, बेसिकली बॉडीवर पैसे घालू नका," तो म्हणाला. "बॉडी जुनी चालते. लेन्सवर घाला."

प्रमिलाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बॉडी जुनी चालते म्हणून तर एवढी वर्षं काढली."

मग त्याने मला चौकटीचं शास्त्र सांगितलं. पडद्यावर दोन आडव्या आणि दोन उभ्या रेषा दिसतात, आपण लहानपणी फुली-गोळा खेळायला मारायचो तशा. माणूस कधी मधल्या घरात उभा करायचा नाही. रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे त्याला न्यायचं, आणि उरलेली जागा मोकळी सोडायची. रस्ता, कुंपण, बांध असं काहीतरी पुढून सुरू होऊन नजरेला आत घेऊन गेलं पाहिजे. आणि अगदी पुढे काहीतरी जवळचं हवं, म्हणजे मागचं लांब वाटतं. मला हे फार पटलं. मी आजवर पाहिलेल्या सगळ्या फोटोंत माणसं मधोमध होती आणि हात सरळ होते. आपण किती अडाणी जगलो, असं वाटून गेलं.

कॅमेरा आणि एक लेन्स घेतली, वर एक तिपाई त्याने फुकट दिली. तिपाईच्या एका पायाचा चाप सैल होता. उभी केली की थोडा वेळ ताठ राहायची आणि मग समोरच्याला वाकून नमस्कार करत खाली जायची. तो म्हणाला, काळजी करू नका, एका कापडी पिशवीत तांदूळ भरा आणि कॅमेरा त्यावर ठेवा, मोठेमोठे फोटोग्राफर तेच करतात. प्रमिलाला ही पहिली गोष्ट पटली. तांदूळ घरात होते.

अर्नाळा

पहिला धडा गिरवायला आम्ही अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर गेलो. मे महिन्याची सकाळ. बांबूंच्या मांडवांवर बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून वाळत घातले होते. लांबून पाहिलं तर कोणी पांढऱ्या झालरी लावल्यात असं वाटत होतं. आमच्याकडे साताऱ्याला वास आला की माणूस खिडकी लावतो. इथे वासच माणसाला आत घेऊन जातो. मांडवांच्या रांगा थेट समुद्राकडे गेलेल्या. नजरेला आत नेणाऱ्या रेषा म्हणतात त्या याच, हे मी ओळखलं आणि उगाचच मान हलवली.

रांगेच्या तोंडाशी एक कोळीण सुक्या जवळ्याची टोपली घेऊन बसली होती. मी फोटो काढू का विचारलं. तिने पदर सारखा केला, अंबाड्यातला गजरा पुढे ओढला आणि ऐटीत बसली. मी शास्त्राप्रमाणे तिला उजवीकडच्या छेदावर नेलं, टोपली अर्धी कापली, डावीकडे समुद्र मोकळा सोडला आणि फोटो काढला. दाखव म्हणाली, म्हणून दाखवला.

तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मधी एवढी जागा हाय," ती म्हणाली, "ती कोनासाठी ठेवलीस? अजून कोन येनार हाय?"

मी तिला शास्त्र सांगू लागलो. तिने ते शेवटपर्यंत ऐकलंच नाही. तिचं म्हणणं असं, की कोपऱ्यात सरकवलेलं माणूस फोटोत नको असलेलं माणूस दिसतं. पाय नाहीत, म्हणजे हिला पाय नाहीत असं लोक म्हणतील. आणि टोपली अर्धी दाखवली तर गिऱ्हाइकाला वाटेल माल संपला. एवढ्यात शेजारच्या मांडवावरच्या दोघी आल्या. एकीने फोटो पाहून विचारलं, ही पडतेय का? मी पुन्हा फोटो काढला. पाय आले तर गजरा गेला. गजरा आला तर टोपली गेली. शेवटी मी मागे सरकत सरकत एका मांडवाच्या बांबूवर आपटलो आणि वाळत घातलेले बोंबील माझ्या टोपीवर आले. तो प्रसंग मात्र प्रमिलाने मोबाइलवर टिपला. मी त्यात मधोमध आहे आणि पायांसकट आहे. कोळणींना तो फोटो फार आवडला.

नुकसानभरपाई म्हणून आम्ही बोंबील विकत घेतले, आणि मी मनाशी ठरवलं की आता माणसांचे फोटो बंद. जे आपल्याशी वाद घालणार नाही अशाच गोष्टींचे फोटो काढायचे. झाडं, डोंगर, शेतं.

चांदीप, पहिली खेप

म्हणून आम्ही चांदीपला गेलो. पाऊस ओसरायला लागला होता. इमारती मागे पडल्या की भाताची खाचरं सुरू होतात, आणि दुपारच्या उन्हात पलीकडचे डोंगर असे स्वच्छ दिसतात की जणू आत्ताच कोणी पुसून ठेवलेत. एका बांधावर जनूभाऊ नावाचे शेतकरी भेटले. फोटो काढायला एवढ्या लांब चालत आलो हे ऐकून त्यांनी आधी जेवायलाच बसवलं. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. आमच्याकडची ज्वारीची भाकरी हातात ताठ राहते. ही इतकी मऊ की उचलली की मान टाकते. मी तीन खाल्ल्या आणि त्यामुळे पुढचं सगळं घडलं, असं प्रमिला म्हणते.

जेवून जड झालेला मी शेताच्या कडेला तिपाई लावून उभा राहिलो. तिपाईने सवयीप्रमाणे नमस्कार केला. तिला धरायला मी वाकलो, आणि वाकलो तो तसाच खाली बसलो. समोर ट्रॅक्टरच्या चाकाने पाडलेल्या खोलगट जागेत पावसाचं पाणी साचलं होतं. आमच्या जेवणाच्या टेबलाएवढं डबकं. मी तांदळाची पिशवी त्याच्या काठावर ठेवली, तिच्यावर कॅमेरा ठेवला आणि पोटावर आडवा होऊन पडद्यात पाहिलं.

आत एक सरोवर होतं. पाणी थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलं होतं आणि अख्खा डोंगर त्यात उलटा उभा होता. काठावरची गवताची पाती झाडांसारखी दिसत होती. एक चतुर पाण्यावरून गेला तो एखाद्या पक्ष्यासारखा. मी फोटो काढला आणि बराच वेळ तसाच पडून राहिलो. बांधावरून प्रमिलाने दोनदा विचारलं की बरं वाटतंय ना.

फोटो कर्णिकांकडे दिला तेव्हा मी फक्त 'चांदीप' एवढंच सांगितलं होतं. कॅलेंडर छापून आलं तेव्हा खाली लिहिलेलं होतं 'चांदीपचे सरोवर'. त्याच दिवशी मी बोलायला हवं होतं. पण कट्ट्यावर सगळे पान उलटून पाहत होते आणि वाहवा करत होते. कोणीतरी विचारलं, खोल आहे का हो? मी म्हणालो, मधे फार खोल आहे, जाऊ नये. हे मी का म्हणालो, मला आजही सांगता येत नाही. कुलकर्णीबाईंनी विचारलं, बदकं असतील? मी म्हणालो, हिवाळ्यात पुष्कळ. प्रमिला घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "अहो, ते डबकं होतं." मी म्हणालो, सप्टेंबर उजाडेपर्यंत लोक विसरतील.

चांदीप, दुसरी खेप

सप्टेंबर उजाडला, पान उलटलं, आणि नाना सावंत ते पान हातात घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

नानांना एक्याऐंशीवं वर्ष लागलं होतं, आणि घरच्यांनी सहस्रचंद्रदर्शनाचं ठरवलं होतं. हजार पौर्णिमा पाहिल्या म्हणून करतात तो सोहळा. हॉल घ्यायचं चाललं होतं. नानांना हॉल नको होता. नोकरीभर ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला होते, स्वतःहून मागून घेतलेल्या, कारण रात्रपाळीला पैसे जास्त मिळायचे आणि घरात भावंडं शिकत होती. निवृत्त होऊन चंदनसारला आले, तर गॅलरीसमोर इमारत उभी राहिली. ते खुर्चीत बसले आणि पानावर बोट ठेवून म्हणाले, "आप्पा, हजार चंद्र म्हणतात, पण मी ते पाहिलेत कुठे? सगळे छपरावरून गेले. एक तरी नीट बघायचाय. या पाण्यात." कोजागिरीला सगळ्या कट्ट्याला तिथे न्यायचं, मसाला दूध तिथेच करायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

त्यानंतर मी तीनदा खरं सांगायला त्यांच्या घरी गेलो. एकदा ते नवा झब्बा घालून बघत होते. एकदा नातवाला फोनवर सरोवराचं वर्णन करून सांगत होते, आणि वर्णन माझंच होतं, बदकांसकट. तिसऱ्यांदा मी तोंड उघडलं तेव्हा त्यांच्या सुनेने माझ्या हातात पेढा दिला. मी तो खाल्ला आणि परत आलो.

मग मी एकटाच चांदीपला गेलो. डबकं कधीच सुकलं होतं. नवा ट्रॅक्टर त्यावरून गेला होता. जनूभाऊंना सगळं सांगितलं आणि खाचरात थोडं पाणी सोडता येईल का, म्हणून विचारलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

"भात पिकलाय, काका," ते म्हणाले. "आता पानी शिरलं तं सगळा आडवा पडंल. तुमचा चांद दिसंल, पन आमी खायाचं काय?"

हे अगदी बरोबर होतं. पण ट्रॅक्टरची ती खोलगट जागा शेताबाहेर, वाटेवर होती. तिच्यात काय ओतायचं ते ओता, असं ते म्हणाले.

कोजागिरीच्या दिवशी मी आणि प्रमिला दुपारीच तिथे जाऊन पोचलो. लाइट गेलेली, त्यामुळे मोटर बंद. हातपंपावरून बादल्या आणायच्या. पहिल्या बादल्या ओतल्या आणि पाहता पाहता नाहीशा झाल्या. माती पीत होती. आणखी ओतल्या, तरी पीत होती. माझी दमछाक झाली तेव्हा प्रमिलाने जनूभाऊंच्या पडवीतली निळी ताडपत्री ओढत आणली. आम्ही ती खड्ड्यात अंथरली, कडा दगडांनी दाबल्या आणि पुन्हा बादल्या सुरू केल्या. जनूभाऊ हापसत होते, मी वाहत होतो, प्रमिला ओतत होती. दर खेपेला ती मला एक नवं नाव ठेवत होती. ऊन कललं तेव्हा ताडपत्रीत घोटाभर पाणी झालं होतं. एक म्हैस येऊन त्यातलं काही पिऊन गेली. ती भर पुन्हा घालावी लागली.

मग मिनीबस आली.

उतरणाऱ्या मंडळींचा थाट मी विसरणार नाही. कुलकर्णीबाईंकडे बदकांसाठी शिळ्या पावांची पिशवी होती. एकांनी गळ आणला होता. कर्णिकांनी, मधे खोल आहे म्हणून, नातवंडांच्या पोहण्याच्या हवेच्या चकत्या आणल्या होत्या आणि एक फुगवून बगलेत धरली होती. नाना सगळ्यात शेवटी, सुनेचा हात धरून, नव्या झब्ब्यात उतरले आणि मान उंच करून शेताच्या पलीकडे पाहू लागले.

"कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी ओलाचिंब होतो आणि हातात बादली होती. मी म्हणालो, "नाना, तलाव नाही. कधीच नव्हता. ते ट्रॅक्टरच्या खड्ड्यातलं पाणी होतं, मी जमिनीवर झोपून फोटो काढला. तुम्हाला सांगायला तीनदा आलो होतो." आणि ताडपत्रीकडे बोट दाखवलं.

कर्णिकांच्या चकतीतून हळूहळू हवा जात होती, तेवढाच आवाज. कुलकर्णीबाई म्हणाल्या की बदकं तरी खरी होती ना. मी मान हलवून नाही म्हणालो. त्यांनी पावाची पिशवी पाठीमागे घेतली.

नाना ताडपत्रीच्या काठाशी आले. त्यांनी आधी पाणी पाहिलं. मग कोपऱ्यावर ठेवलेले दगड पाहिले, ओळीने ठेवलेल्या बादल्या पाहिल्या, प्रमिलाचा चिखलाने भरलेला पदर पाहिला. चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांनी चपला काढल्या, धोतर वर घेतलं आणि सरळ पाण्यात उतरून मधोमध जाऊन उभे राहिले. घोटा जेमतेम भिजला.

"मधे फार खोल आहे म्हणालास ना रे?" ते म्हणाले.

आधी त्यांची सून हसली, मग सगळेच. जनूभाऊंनी घरातून प्लास्टिकची खुर्ची आणली, ती पाण्यातच मांडली आणि नाना पाय भिजवत तिच्यावर बसले. दुधाचं पातेलं चुलीवर चढलं. अंधार पडला तसा डोंगराच्या मागे उजेड वाढत गेला आणि मग चंद्र वर आला, भाताच्या शेंड्यांवरून सावकाश. नानांना हलू नका, पाणी हलतं, असं दहा तोंडांनी सांगितलं. नाना हलले नाहीत. पाणी स्थिर झालं आणि त्यांच्या पायांपाशी चंद्र येऊन राहिला. सुनेने काठावरून हात लांब करून त्यांना ओवाळलं. नानांनी तबकाकडे पाहिलंच नाही. ते खालीच पाहत होते.

मला भान आलं ते फोटोचं. आता मला सगळं येत होतं. मी तांदळाची पिशवी काठावर ठेवली आणि पोटावर आडवा झालो. पडद्यात पाणी डोंगरापर्यंत पसरलं, नाना उजवीकडच्या छेदावर गेले, सरोवराच्या मधोमध बसलेल्या एखाद्या राजासारखे. डावीकडे चंद्र. असा फोटो मी काढला नव्हता आणि काढणारही नाही. मी बटणावर बोट ठेवलं.

"आप्पा," नाना वर न पाहताच म्हणाले, "उभा राहा. उभ्याने काढ."

मी सांगितलं की उभ्याने काढला तर ताडपत्री दिसेल. बादल्या दिसतील.

"दिसू दे. सगळं येऊ दे त्यात. तलावावर काय, कोणीही जातं. माझ्यासाठी कोणी पाणी वाहून आणलं होतं, ते माझ्या नातवाला दिसलं पाहिजे."

मी उभा राहिलो. सगळ्यांना आत घ्यायचं म्हणून मागे सरकत गेलो, आणि शास्त्र आठवायला वेळ नव्हता. घरी येऊन पाहिलं तर फोटो तिरका आला होता. नाना मधोमध, खुर्चीसकट आणि पायांसकट. निळी ताडपत्री, दगड, बादल्या, प्रमिला, जनूभाऊ, पातेलं, कर्णिकांची रिकामी झालेली चकती, आणि एका कडेला बदकांचे पाव खाणारी म्हैस. सगळं आलं होतं. फक्त चंद्र तेवढा राहिला होता. वरचाही चौकटीबाहेर गेला होता आणि पाण्यातला पातेल्याच्या मागे.

दुसऱ्या दिवशी तोंड पाडून तो नानांना दाखवायला गेलो. चंद्र हुकला, मी म्हणालो. त्यांनी चष्मा लावून सगळी माणसं एकेक करून ओळखली, म्हशीपाशी थोडं थांबले, आणि मोठा करून आण, भिंतीवर लावतो, म्हणाले.

"आणि चंद्र?" मी विचारलं.

"तो मी पाहिलाय," नाना म्हणाले.